त्या डब्यात सगळं जातं

रात्रीचे आठ वाजले की त्याला झोप हवी असायची, आणि आठ वाजले की त्याच्या सासऱ्यांचा फोन लागायचा. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीच्या अल्याडपल्याड घडायच्या. अल्याड पलंग, पल्याड गॅलरी.

त्याची पाळी पहाटेची. एका सायंदैनिकात तो पडताळणी विभाग सांभाळायचा, म्हणजे विभागात तो एकटाच होता. बातमी छापायला जाण्याआधी ती खरी आहे का बघायचं, हे काम. मेलेला माणूस खरंच मेलाय ना, पडलेला पूल खरंच पडलाय ना, हे फोन करून विचारायचं. दोन वेगवेगळ्या तोंडांतून आल्याशिवाय कुठलीही गोष्ट खरी मानायची नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे कचेरीत सगळे त्याला खात्रीराव म्हणत. घरीसुद्धा तो खिडकीतून हात बाहेर काढून बघितल्याशिवाय पाऊस पडतोय असं म्हणत नसे. हे सासऱ्यांना फार आवडायचं आणि बायकोला अजिबात आवडायचं नाही.

सासरे पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झालेले. आयुष्य पंपाशेजारी उभं राहून काढल्यामुळे त्यांचा आवाज पंपावर मात करणारा झाला होता, आणि पंप सुटला तरी आवाज सुटला नव्हता. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडे राहायला आले होते. रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहून ते आपल्या जुन्या दोस्ताला, निवृत्त हेडमास्तरांना, फोन लावायचे. हल्ली विषय एकच. सरकारनं लोकांची बोलणी ऐकायची कुठलीशी यंत्रणा घेतली होती. ती कुठं बसवली आणि कुणावर, असं विरोधक रोज विचारत होते आणि मंत्री रोज सांगत होते, 'सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येणार नाही.' सासरे चार ठिकाणच्या बातम्या वाचायचे, चारही पाळीपाळीनं खऱ्या मानायचे, आणि मग हेडमास्तरांना मोठ्यानं वाचून दाखवायचे.

एरवी त्यानं हेही सोसलं असतं. पण सोमवारपासून त्याची रजा होती. किती तरी वर्षांनी मिळालेली, आठवडाभराची. बायकोनं डोंगरावरच्या एका विश्रामगृहात खोली घेतली होती, आणि तिथं जाऊन त्याला फक्त झोपायचं होतं. दुसरा कुठलाच बेत नव्हता. संपादकबाईंनी एक अट घातली होती: "तुमच्या हाताखालून गेलेल्या एकाही बातमीचा खुलासा छापायची वेळ आली, तर रजा रद्द." तेव्हा या आठवड्यात डोकं ताळ्यावर हवं होतं, आणि त्यासाठी झोप हवी होती.

"हेडमास्तर, ऐका! चौथा परिच्छेद पुन्हा वाचतो!" गॅलरीतून आवाज आला आणि त्याच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला हलला.

तो उठला. अंगात झोपायचे कपडे, डोळे अर्धे मिटलेले, अशा अवस्थेत गॅलरीत गेला. समोरच्या दिव्याच्या खांबावर गेल्या आठवड्यात कुणीतरी एक करडा डबा बसवून गेलं होतं. त्याला तो डबा दिसला आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा, जरा हळू. तो डबा बघितलात? त्या डब्यात सगळं जातं."

सासऱ्यांनी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सगळं?"

"सगळं."

सासऱ्यांनी फोन बंद केला. तो आत येऊन पडला आणि पडल्या पडल्या झोपला. खात्री न करता बोललेलं ते त्याच्या आयुष्यातलं पहिलं वाक्य, आणि त्यावर अशी गाढ झोप लागावी, याला काय म्हणावं!

पहाटे तो निघायच्या गडबडीत असताना सासऱ्यांनी त्याचा दंड धरला, न्हाणीघरात नेलं, नळ सोडला आणि कुजबुजले. त्यांची कुजबुज म्हणजे इतरांचं साधं बोलणं.

"त्या डब्याचं कुणाकुणाला सांगू?"

"कुणालाच सांगू नका," तो दात घासत म्हणाला.

त्याला वाटलं, विषय मिटला. 'कुणाला सांगू नका' म्हटलेली गोष्ट सगळ्यांत आधी गावभर होते, हे निदान त्याला तरी कळायला हवं होतं. पण पहाटेच्या पाळीच्या माणसाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

त्या संध्याकाळी गॅलरी चिडीचूप होती. बायको आत येऊन म्हणाली, "अहो, बाबांचं काय बिनसलंय? फोन हातात घेतात, बघतात, परत ठेवून देतात. जेवतानाही एक शब्द नाही. बोट दाखवून मीठ मागितलं."

"दमले असतील," तो म्हणाला. खात्री न केलेलं हे दुसरं वाक्य. त्याच्या मनाला जरा टोचलं, पण टोचत असतानाच डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहर वार्ताहर त्याच्या टेबलाशी आला. याच्या सगळ्या बातम्या 'विश्वसनीय सूत्रांकडून' यायच्या, म्हणून त्याचं नाव सूत्रधार पडलं होतं. त्यानं कागद समोर टाकला. मथळा होता: 'घरांसमोरच्या खांबावरून पाळत'.

"सूत्रं किती?" त्यानं सवयीनं विचारलं.

"दोन! तुमच्या नियमानं. एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत."

"पहिलं?"

"माझी दातांची डॉक्टर. काल दात भरताना म्हणाली. माझ्या तोंडात तिची दोन बोटं आणि कापूस होता, म्हणून उलटे प्रश्न विचारता आले नाहीत. पण बाई फार जबाबदार आहे."

"आणि दुसरं?"

"त्याच गल्लीतला इस्त्रीवाला. जागेवर जाऊन भेटलो. स्वतःच्या कानानं ऐकलंय म्हणतो."

त्यानं गल्लीचं नाव दोनदा वाचलं. गल्ली त्याचीच होती. खांबही तोच असणार. तरीही माणूस सवयीचा गुलाम. त्यानं फोन उचलला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला आमच्या बाबांनी सांगितलं. ते कधी खोटं बोलत नाहीत. हेडमास्तर होते ते."

हेडमास्तर म्हणाले, "मला एका मित्रानं सांगितलं. फोनवर नव्हे, स्वतः चालत येऊन, बागेत, कानाशी लागून. अजून कान दुखतोय."

"मित्राचं नाव?"

"ते सांगणार नाही. सूत्राचं नाव फोडायचं नसतं, एवढं मलाही कळतं. पण त्याचा जावई तुमच्यासारखाच वर्तमानपत्रात पडताळणी करतो. हात बाहेर काढल्याशिवाय तो पाऊस पडतोय असंसुद्धा म्हणत नाही. आता बोला!"

त्यानं आभार मानून फोन ठेवला. त्यानं इस्त्रीवाल्याला फोन लावला.

"साहेब, तुमच्या न्हाणीघराची खिडकी माझ्या दुकानावरच आहे," इस्त्रीवाला त्याला ओळखून म्हणाला. "आजोबा नळ सोडून बोलत होते. नळ सोडला की माणूस उलट जास्त ओरडतो. डब्यावरून काहीतरी विचारत होते, आणि तुम्ही म्हणालात, कुणालाच सांगू नका. तो आवाज तुमचाच ना? म्हणून मी गल्लीत कुणालाच नाही सांगितलं. फक्त पत्रकार आले, त्यांना तेवढं सांगितलं."

दोन स्वतंत्र सूत्रं होती खरी. पण दोन्हींचा माग काढत गेलं की शेवटी झोपायच्या कपड्यांतला तो स्वतःच उभा होता.

एकच आशा उरली होती: सरकारनं इन्कार करावा. त्यानं सरकारी प्रवक्त्याला गाठलं. सूत्रधार कान टवकारून शेजारीच उभा होता.

"आमच्या गल्लीतल्या खांबावरचा डबा तुमचा आहे का हो?"

"त्याला आम्ही दुजोरा देत नाही आणि त्याचा इन्कारही करत नाही," प्रवक्ता म्हणाला. त्याच्या आवाजावरून तोही पहाटेच्या पाळीचा वाटत होता.

"अहो, पण तो तुमचा नाहीये. मला माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यानं सूत्रधाराकडे चोरून पाहिलं. तेव्हा प्रवक्ता हळूच म्हणाला, "खरं सांगू का? आमचं काय आहे आणि काय नाही, हे आम्हालाही सांगत नाहीत. मी मागं एकदा विचारलं होतं. तेव्हापासून या फोनवर बसवलंय."

"इन्कार केला नाही!" असं ओरडत सूत्रधार संपादकबाईंच्या खोलीकडे धावला.

आता कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो मागोमाग आत गेला. सूत्रधाराला बाहेर पाठवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "बाई, ती बातमी खोटी आहे."

"कशावरून?"

"ती मीच उठवली. मला झोप येत होती."

संपादकबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. उठून दार लावलं. मग लावलेलं दार जास्त संशयास्पद दिसतं असं वाटून पुन्हा उघडलं.

"इतकी वर्षं इथं आहात. कधी खोटं बोललात?"

"परवा."

"त्याआधी?"

"नाही."

"मग आता मीच विचार करते," बाई शांतपणे म्हणाल्या. "जन्मात खोटं न बोललेला माणूस झोप येते म्हणून एकदम खोटं बोलला, असं धरू? की तो खरं बोलून गेला, आणि आता कुणीतरी त्याला ते मागं घ्यायला लावतंय, असं धरू? इन्कार कोण करतंय आणि त्यात त्याचा फायदा काय, ते आधी बघा, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"बाई, माझा फायदा झोपेचा होता हो!"

"घरी धमकीचा फोन वगैरे आला होता?"

"घरचा फोन रिकामा असतो कुठं!"

बाईंनी सुस्कारा सोडला. त्या वाईट नव्हत्या; गेले कित्येक महिने रोज कुणीतरी त्यांना सांगत होतं की काही सांगता येणार नाही, आणि त्या त्याला विटल्या होत्या. शेवटी त्यांनी मध्यम मार्ग काढला. "मथळ्यापुढे प्रश्नचिन्ह टाकू. प्रश्नाला पुरावा लागत नाही."

"आणि खुलासा आला तर?"

"तर काय, अट ठरलेलीच आहे. रजा रद्द."

दुपारी तो घरी पोचेपर्यंत अंक गल्लीत पोचला होता. खांबाखाली ही गर्दी! कुणी तोंडातून शब्द काढत नव्हतं, सगळे हातवारे करत होते. एक गृहस्थ तेवढे डब्याकडे तोंड करून ठणठणीत आवाजात सांगत होते, "आमचं सरकारबद्दल काही म्हणणं नाही हो! अगदी छान चाललंय!" त्यांना बाजूला सारून एक बाई पुढे आल्या आणि डब्याला म्हणाल्या, "ऐकतच असाल तर हेही ऐका. आमच्या मजल्यावर पाणी चढत नाही. अर्ज देऊन देऊन थकलो."

तेवढ्यात शिडी घेऊन वायरमन आला. त्याला कुणीतरी बोलावून आणलं होतं आणि तो वैतागलेला होता.

"अहो, दिव्याचं आहे ते! अंधार पडला की दिवा आपोआप लागतो, उजाडलं की विझतो. बाकी काही नाही त्यात."

"उघडून दाखवा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

वायरमन वर चढला आणि झाकण काढलं. आत दोन-चार वायरी आणि एक काचेचा मणी होता.

"तो मणी कसला?"

"तो डोळा. त्याला उजेड-अंधार कळतो."

गर्दी एकदम दोन पावलं मागे सरकली. "ऐकत नाही म्हणतो, आणि वर बघतोय म्हणतो!" इस्त्रीवाला पुटपुटला.

"आणि हा तरी कुणाचा माणूस?" डब्याला सरकार छान चाललंय म्हणून सांगणारे गृहस्थ म्हणाले. "तो नाहीच म्हणणार."

वायरमननं झाकण लावलं, शिडी खांद्यावर टाकली आणि कुणाशी न बोलता निघून गेला. खात्रीरावाला त्याच्यामागून जावंसं वाटलं. गल्लीत खरं बोलणारे ते दोघेच होते आणि दोघांचीही सारखीच गत झाली होती.

तो वर आला तेव्हा सासरे पडदे ओढून अंधारात बसले होते. मांडीवर फोन, बंद. त्याला बघताच ते उठून न्हाणीघराकडे चालू लागले. त्यानं पुढं होऊन नळ बंद केला.

"बाबा, बसा. मी खोटं बोललो होतो. तो डबा दिव्याचा आहे. मला झोप येत होती आणि तुमचा आवाज मोठा आहे, म्हणून बोललो. चुकलं माझं."

बायको हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. सासरे परत खाली बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर बारीक निघाला.

"माझा आवाज मोठा आहे?"

"हो."

"मग सरळ सांगायचं. हिची आई सरळ सांगायची."

 मग सासऱ्यांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी पुढे होऊन जावयाचा हात थोपटला. "कळलं मला, जावईबापू. तुम्हाला असं बोलावंच लागणार. नोकरीचा प्रश्न आहे. मी नाही मनाला लावून घेत."

 सरकार आपलं बोलणं चोरून ऐकतंय, हे म्हाताऱ्याला मानवलं होतं. घरातल्याच माणसाला ते ऐकायचं नाही, हे मानवणारं नव्हतं. ते त्याला दिसलं, आणि त्याला फार वाईट वाटलं. त्या रात्री घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि त्याला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वीज कार्यालयाचा खुलासा आला. 'सदर डबा दिव्यांच्या स्वयंचलित नियंत्रणासाठी असून त्याचा अन्य कोणताही उपयोग नाही.' खाली सही आणि शिक्का. गेली रजा, असं म्हणत तो कागद घेऊन संपादकबाईंसमोर उभा राहिला.

बाईंनी तो वाचला. पुन्हा वाचला.

"वीज कार्यालय," त्या म्हणाल्या. "आमच्या जिन्यातला दिवा बदला म्हणून अर्ज केला, त्याला एक उन्हाळा आणि एक हिवाळा गेला. आणि खुलासा एका रात्रीत? कुठंतरी नक्की पाणी मुरतंय."

"बाई, ते खरं सांगताहेत. मी स्वतः आत बघितलंय. वायरी आहेत आणि मणी आहे."

"बघा! पुन्हा तुम्हीच त्यांची बाजू घेताय." बाईंचा आवाज मऊ झाला. "हे बघा, सोमवारची वाट बघू नका. आजच निघा. जरा नजरेआड राहा. इकडचं मी बघते."

"म्हणजे रजा रद्द नाही?"

"रजेचं काय घेऊन बसलात? जीव सांभाळा!"

आणखी एकदा खरं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण खरं तो तीनदा सांगून चुकला होता आणि प्रत्येक वेळी प्रकरण वाढलं होतं. त्यानं मान डोलावली आणि टेबल आवरलं.

घरी पोचला तर दाराशी तीन बॅगा.

"तिसरी कुणाची?"

"बाबांची," बायको म्हणाली. "त्यांना त्या डब्यासमोर एकटं ठेवून जायचं का? कालपासून अंधारात बसलेत. हे निस्तरणं तुमच्याकडेच लागलं."

त्यानं तिन्ही बॅगा उचलल्या. संध्याकाळी तिघं डोंगरावर पोचले. विश्रामगृह झकास होतं. स्वच्छ चादरी, जाड उशा, समोर दरी, आणि खोलीला लागून गॅलरी. आठच्या सुमाराला सासरे त्या गॅलरीत गेले. वर पाहिलं, खाली पाहिलं, वाकून छपराखालीही पाहिलं.

"इथं काही नाही!" ते आनंदानं ओरडले. "सगळं मोकळं आहे!" आणि त्यांनी हेडमास्तरांना फोन लावला.

इतक्या दिवसांचं तुंबलेलं होतं, ते एकदम सुटलं. दरी मोठी मायाळू होती. प्रत्येक वाक्य ती परत आणून द्यायची, त्यामुळे सगळं दोनदा ऐकू येत होतं. तो उशीत तोंड खुपसून पडला होता. गॅलरीबाहेरच्या झाडावर काहीतरी लाकडी खोका टांगलेला त्यानं मघाशीच बघितला होता. उठून एक वाक्य बोललं की काम झालं असतं. पण त्यानं ठरवलं, नाही. बोलू दे म्हाताऱ्याला. इतके दिवस बंद पडलेला तो आवाज पुन्हा सुरू झाला, याचं त्याला बरंच वाटत होतं. झोपेचं काय, झोप पुढच्या वर्षी.

तेवढ्यात शेजारी झोपलेली त्याची बायको उठली. केस बांधत गॅलरीच्या दारापर्यंत गेली आणि तिचा दमलेला आवाज आला, "बाबा, जरा हळू. त्या झाडावरचा खोका बघितलात का? त्यात सगळं जातं."

दरीसकट सगळं शांत झालं. बायको परत येऊन पांघरुणात शिरली. तो अंधारात तिच्याकडे बघतच राहिला.

"तू?"

"मीही दमते हो," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपून गेली.

मग बाहेरून सासऱ्यांची कुजबुज आली. ती लपणारी नव्हतीच.

"हेडमास्तर, ठेवतो आता. नाही, तसं काही नाही. पाखरांसाठी टांगलाय तो खोका, आल्या आल्याच हात घालून बघितला मी. पण पोरं दमलीत."

गॅलरीचं दार आवाज न करता लागलं. तो टक्क जागा झाला. मग त्या खांबावरच्या डब्याचंही त्यांना ठाऊक होतं की काय? उठून विचारावं असं त्याला वाटलं. पण विचारायचं म्हणजे त्याच्या नियमानं दोन ठिकाणी विचारावं लागलं असतं, आणि दुसरं कोण, याचा विचार करता करता त्याला झोप लागली.